‘वाचून झालंय’ म्हणजे ‘येतंय’ नव्हे: स्वतःला तपासत अभ्यास करण्याची रीत

पेपर सुटल्यावर एक वाक्य हमखास कानावर पडतं. “अरे, वाचलेलं होतं रे! ते पान डोळ्यांसमोर दिसत होतं. उजवीकडे वर आकृती, खाली चौकट. पण चौकटीत काय लिहिलं होतं तेच आठवेना.” असं म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्यानं ते पान वाचलेलं असतं, कदाचित पाच वेळा. पाचव्या वेळी ‘हे आपल्याला येतंय’ असं त्याला मनापासून वाटलेलंही असतं. घोटाळा नेमका तिथेच होतो.

वाचलेला मजकूर पुन्हा समोर आला की तो ओळखीचा वाटतो. गर्दीत एखादा चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव काही केल्या आठवत नाही, तसंच हे. परीक्षा चेहरा दाखवत नाही, थेट नाव विचारते. आपण मात्र अभ्यास कुठे थांबवायचा हे चेहऱ्याच्या ओळखीवरून ठरवतो. पान ओळखीचं वाटलं, की ‘हा धडा झाला’ म्हणून पुढे जातो.

म्हणून अभ्यास सुधारायचा तर आधी स्वतःला ओळखायला हवं. या लेखात ‘स्वतःला ओळखणं’ म्हणजे अगदी साधी गोष्ट: मला काय येतं, काय येत नाही, आणि अभ्यासाला बसल्यावर मी प्रत्यक्षात काय करतो, याचा खरा हिशोब. स्वतःच्या विचारांवर लक्ष ठेवण्याच्या या क्षमतेला जॉन फ्लॅवेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात ‘मेटाकॉग्निशन’ असं नाव दिलं. नाव भारदस्त असलं तरी काम वहीचं आहे. हा हिशोब डोक्यात राहत नाही, राहिला तरी आपल्या सोयीने बदलतो. तेव्हा एक साधी वही, दोन रंगांची पेनं आणि थोडे कोरे कागद घ्या. दुसरं काही लागत नाही.

पहिला आठवडा: काहीही सुधारू नका, फक्त लिहा

नवं वेळापत्रक आखण्याचा मोह आवरा. रंगीत पेनांनी आखलेली वेळापत्रकं भिंतीवर छान दिसतात आणि साधारण चौथ्या दिवशी बंद पडतात. कारण ती आपण जसे आहोत त्या माणसासाठी नसतात, जसे व्हावं असं वाटतं त्या माणसासाठी असतात. आधी खरा माणूस कोण आहे ते पाहू.

सात दिवस, प्रत्येक बैठकीसाठी एक ओळ. किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, कोणता विषय, आणि नेमकं काय केलं. ‘इतिहास केला’ असं लिहू नका. ‘धडा ३ दोनदा वाचला’, ‘नोट्स उतरवून काढल्या’, ‘८ गणितं सोडवली, त्यातली ३ उत्तर बघून’ असं लिहा. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा: ‘कशामुळे उठलो’. तहान, फोन, कंटाळा, एक गणित अडलं, कोणीतरी हाक मारली, जे असेल ते. मधेच फोन हातात घेतला तर समासात एक उभी रेघ मारा. त्याबद्दल स्वतःला रागावू नका. या आठवड्यात तुम्ही फक्त कारकून आहात.

आठवड्याच्या शेवटी बेरीज करा. बहुतेकांना इथे एक धक्का बसतो. ‘रोज पाच तास’ वाटणारा अभ्यास अडीच तासांचा निघतो. त्या अडीच तासांतही पुस्तक मिटून काहीतरी आठवण्याचा प्रयत्न केला, अशी मिनिटं बोटांवर मोजण्याइतकी असतात. मी स्वतः पहिल्यांदा असा हिशोब मांडला तेव्हा माझे सर्वाधिक तास ‘नोट्स सुवाच्य करणं’ या कामात गेलेले निघाले. त्याला मी अभ्यास म्हणत होतो. खरं तर तो हस्ताक्षराचा सराव होता.

वेळेचा अंदाज चुकणं हा आळशी माणसाचा खास दोष आहे असं समजू नका. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर होतं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५हून थोडे जास्त. म्हणजे त्यांनी धरलेला सर्वांत वाईट अंदाजसुद्धा आशावादीच ठरला. त्यामुळे पहिल्या आठवड्याच्या वहीतून एक आकडा काढून ठेवा: एखादा धडा ‘एका तासात होईल’ असं वाटलं तेव्हा खरोखर किती वेळ लागला? दीडपट, दुप्पट, जे काही निघेल तो तुमचा गुणक. पुढची सगळी आखणी त्याने गुणून करायची.

दुसरी पायरी: आधी अंदाज लिहा, मग तपासा

या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा.

कोणतीही चाचणी, सरावसंच किंवा धड्याखालचे प्रश्न सोडवण्यापूर्वी वहीत लिहा: ‘२० पैकी माझे १५ बरोबर येतील.’ मग सोडवा. सोडवताना प्रत्येक उत्तराशेजारी एक खूण करा. खात्री असेल तर बरोबरची खूण, शंका असेल तर प्रश्नचिन्ह. सगळं झाल्यावर उत्तरं तपासा आणि खरा आकडा अंदाजाशेजारी लिहा.

आता तुमच्या उत्तरांचे चार गट पडतात. खात्री होती आणि बरोबर आलं: ठीक, हे सोडा. शंका होती आणि चुकलं: हे तुम्हाला माहीतच होतं, अभ्यास करा. शंका होती, तरी बरोबर आलं: हे नशिबाने मिळालेलं आहे, पक्कं करून घ्या. आणि चौथा गट, खात्री होती आणि चुकलं. हा गट लहान असतो, पण खरा शत्रू इथेच बसलेला असतो. कारण या गोष्टींकडे तुम्ही आपणहून कधीच परत गेला नसतात.

उदाहरण घ्या. ‘उन्हाळा-हिवाळा का होतो?’ कितीतरी जण ठामपणे सांगतात, पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा, दूर गेली की हिवाळा. ऐकायला अगदी पटण्यासारखं. पण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे उत्तर गोलार्धात ऐन हिवाळ्यात. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे. किंवा भौतिकशास्त्रातलं: वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचं त्वरण किती? ‘शून्य’ असं खात्रीने लिहिणारे वर्गात अर्धे तरी सापडतील. शून्य होतो तो वेग. गुरुत्वाकर्षण तिथेही चालूच असतं, त्यामुळे त्वरण तेवढंच राहतं.

यात एक दिलासा आहे. ठामपणे केलेली चूक उघडी पडली, की ती डळमळीत चुकीपेक्षा चांगली दुरुस्त होते, असं बटरफिल्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं. धक्का बसतो, लक्ष वेधलं जातं आणि बरोबर उत्तर चिकटून राहतं. अट एवढीच, की चूक उघडी पडली पाहिजे. खात्रीची खूणच केली नसेल तर ‘मला थोडी शंका होतीच’ असं म्हणायला आपण मोकळे राहतो, आणि मन तसं म्हणतंच.

अंदाज आणि निकाल यांतला फरक सुरुवातीला मोठा असतो, आणि ज्याला विषय कमी येतो त्याचा जास्त मोठा. क्रूगर आणि डनिंग यांच्या १९९९च्या प्रसिद्ध प्रयोगांत सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्या चौथ्या हिश्शातल्या लोकांची खरी जागा शंभरांच्या रांगेत खालून बाराव्या जवळ होती, आणि ते स्वतःला बासष्टाव्या जागेवर धरत होते. हा निष्कर्ष लोक दुसऱ्यांना हिणवायला वापरतात. पण त्याच प्रयोगांतली पुढची गोष्ट कोणी सांगत नाही: त्या लोकांना विषय थोडा शिकवल्यावर स्वतःबद्दलचे त्यांचे अंदाजही सुधारले. विषय येत नसेल तर ‘येत नाही’ हे कळायलाही तोच विषय लागतो. म्हणून पहिल्या महिन्यातले चुकलेले अंदाज बघून खचू नका. फरक ७ वरून ३ वर आला की नाही, एवढंच पाहायचं.

एक बारकावा. हा अंदाज धडा वाचून पुस्तक मिटल्या मिटल्या करू नका. तेव्हा सगळं ताजं असतं आणि सगळंच येतंय असं वाटतं. दुसऱ्या दिवशी, पुस्तक उघडण्याआधी केलेला अंदाज कितीतरी खरा निघतो.

तिसरी पायरी: पुस्तक मिटा

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६चा एक प्रयोग मला प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावासा वाटतो. एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने तपासलं तर चित्र उलटं: वाचणारे ४० टक्क्यांवर, आठवून लिहिणारे ६१ वर. आणि आपल्याला चांगलं लक्षात राहील असा विश्वास कोणाला जास्त होता? वाचणाऱ्यांना.

पेपरच्या आदल्या रात्री रट्टा मारून गेलेल्यांचं का भागतं आणि महिन्याभराने त्यांची पाटी कोरी का असते, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

प्रत्यक्षात असं करा. एका वेळी दोन-तीन पानांचा, एका कल्पनेचा तुकडा घ्या. वाचताना काहीही अधोरेखित करू नका. एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, बाजूला सरकवा. कोऱ्या कागदावर निळ्या पेनाने आठवेल ते लिहा. सुवाच्य नको, पूर्ण वाक्यं नकोत. आकृती, बाण, तुटक शब्द चालतील. अडलात तर लगेच पुस्तक उघडू नका. एक मिनिट तसेच अडून बसा. हा अडलेला मिनिट त्रासदायक असतो, आणि पकड बसते ती याच मिनिटात. मग पुस्तक उघडा आणि जे राहिलं किंवा चुकलं ते लाल पेनाने त्याच कागदावर भरा.

समजा तुकडा आहे हृदयातून होणारा रक्ताचा प्रवास. निळ्या पेनाने तुम्ही लिहिता: शरीराकडून आलेलं रक्त उजव्या अलिंदात, तिथून उजव्या निलयात, मग फुप्फुसात, परत डाव्या अलिंदात, डाव्या निलयात, तिथून शरीरभर. छान. पण फुप्फुसाकडे नेणारी वाहिनी धमनी की शीर, हे आठवेना. ‘धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त असतं’ हे पाठ आहे, म्हणून तुम्ही शीर लिहिता. पुस्तक उघडल्यावर कळतं, ती फुप्फुस धमनी आहे आणि तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं. हृदयापासून दूर नेते ती धमनी, रक्त कसंही असो. हा लाल अक्षरातला एक शब्द चार वेळा वाचूनही सापडला नसता, कारण वाचताना डोळा त्यावरून सहज घसरून जातो.

विषयानुसार रूप बदलेल. गणितात सोडवलेलं उदाहरण कागदाने झाका, एक ओळ स्वतः लिहा, मग एक ओळ उघडून ताडून बघा. ‘सोडवलेलं समजलं’ आणि ‘सोडवता आलं’ यांत फार मोठं अंतर आहे आणि ते रिकाम्या कागदावरच दिसतं. इतिहासात सनावळी शेवटी ठेवा, आधी ‘हे झालं म्हणून ते झालं’ ही साखळी पुस्तक न बघता जोडा. भाषेचे शब्द पाठ करताना दोन्ही बाजूंनी विचारा. अर्थावरून शब्द आठवणं हे शब्दावरून अर्थ ओळखण्यापेक्षा अवघड असतं, आणि निबंध लिहिताना तेच लागतं.

हायलाइटरबद्दल. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींबद्दलचं संशोधन एकत्र तपासलं. अधोरेखन आणि पुनर्वाचन दोन्हींना कमी उपयोगाच्या गटात टाकलं. वरच्या गटात दोनच पद्धती राहिल्या: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास अंतराअंतराने करणं. हायलाइटर फेकून द्या असं मी म्हणत नाही. पण लाल पेनाने भरून झाल्यावर, जे राहिलं होतं तेवढ्यावरच तो फिरवा. मग तो पिवळा रंग काहीतरी सांगेल. एरवी अख्खं पान पिवळं होतं आणि आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

चौथी पायरी: थोडं विसरू द्या, मग परत या

हर्मन एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्मरणशक्तीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगाला माणूस एकच होता, तो स्वतः. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, काही काळाने पुन्हा पाठ करायचे आणि दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले ते मोजायचं. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसाने ३४ टक्के, महिन्याने २१. नीट पाहा: मोठी घसरण पहिल्याच दिवसात होते, नंतर उतार सौम्य होतो. आणि महिन्यानंतरही शून्य होत नाही. ‘सगळं विसरलो’ असं वाटतं तेव्हाही दुसऱ्यांदा शिकणं पहिल्यापेक्षा सोपं जातं.

यातून वेळापत्रकाचा एकच नियम निघतो. तीन तास एका बैठकीत देण्यापेक्षा तेच तीन तास चार-पाच वेळा विभागून द्या. अंतर किती ठेवायचं ते परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरवा. परीक्षा आठवड्यावर असेल तर एखाद-दोन दिवसांनी परत या. महिन्यावर असेल तर आठ-दहा दिवसांनी. वर्षभर टिकवायचं असेल तर तीन-चार आठवड्यांचं अंतर चालतं. हे आकडे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, एक-दोन दिवस इकडे-तिकडे झाले तरी बिघडत नाही.

परत आल्यावर धडा वाचायला बसू नका. पुन्हा कोरा कागद, निळं पेन, लाल पेन. तुमचा मागचा कागद शेवटी बाहेर काढा आणि लाल अक्षरं कमी झाली का ते पाहा. डोळ्यांना दिसेल अशी याहून चांगली प्रगतीची खूण मला माहीत नाही.

सूत्रं, व्याख्या, शब्द अशा सुट्ट्या गोष्टींसाठी सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचवलेली चिठ्ठ्यांची पेटी अजूनही उत्तम आहे. पुढे प्रश्न, मागे उत्तर. पाच कप्पे. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे क्रमाने जास्त दिवसांनी. फोनवरची अ‍ॅप्स हेच करतात. पण फोन उघडल्यावर अ‍ॅपपर्यंत पोचणं ज्यांना जमत नाही (पहिल्या आठवड्यातल्या उभ्या रेघा मोजा), त्यांनी पुठ्ठ्याची पेटी करावी.

प्रकरणाचं नाव झाका

वर्गसमीकरणांच्या धड्याखाली तीस गणितं असतात आणि तिसाव्या गणितापर्यंत हात आपोआप चालायला लागतो. छान वाटतं. पण त्या तीस गणितांत एक प्रश्न तुम्हाला कधीच पडला नाही: ‘इथे कोणती पद्धत वापरायची?’ ते धड्याच्या मथळ्यानेच सांगून टाकलेलं असतं. पेपरात मथळा नसतो.

रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये चार प्रकारच्या घनाकृतींच्या घनफळाची गणितं देऊन पाहिली. एकेक प्रकार संपवत जाणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर येत होती, सरमिसळ सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिले २० टक्क्यांवर आले आणि सरमिसळवाले ६३ वर राहिले. तेव्हा नवी पद्धत शिकताना पाच-सहा गणितं सलग सोडवा, त्यानंतर मात्र जुन्या तीन-चार धड्यांतली गणितं चिठ्ठ्यांवर लिहून, पिसून, येईल ते सोडवा. चुका वाढतील. वाढू द्या.

‘सिली मिस्टेक’ हा शब्द बंद करा

उत्तरपत्रिका हातात आली की आपण दोन गठ्ठे करतो: जे येत नव्हतं ते, आणि ‘सिली मिस्टेक्स’. दुसरा गठ्ठा माफ. ‘येत होतं, नुसतं चिन्ह चुकलं.’ पण तीच चूक गेल्या तीन चाचण्यांत झालेली असेल तर मागचे पाढे पंचावन्न. ती चूक सवय झालेली असते आणि तिचं नाव शोधायला हवं.

चुकांसाठी वहीचं मागचं अर्धं ठेवा. प्रत्येक चुकीपुढे बरोबर उत्तर तर लिहाच, पण त्याआधी कारण लिहा. मला आजवर सापडलेली कारणं साधारण अशी आहेत. मुळात समजलेलंच नव्हतं. समजलं होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही. आठवलं, पण प्रश्न भलताच वाचला, ‘अयोग्य पर्याय निवडा’ मधला ‘अ’ नजरेतून सुटला. पद्धत बरोबर, पण पायरी गाळली किंवा आकडा उतरवताना बदलला. वेळ संपला. आणि एक जे कोणी कबूल करत नाही: उत्तर बरोबर होतं, खोडून चुकीचं केलं.

प्रत्येकाचं औषध वेगळं. समजलं नव्हतं तर शिक्षकांकडे किंवा मित्राकडे जा, एकट्याने दहादा वाचून उपयोग नाही. आठवलं नाही तर कोरा कागद आणि अंतर. प्रश्न नीट वाचला नाही तर प्रश्नातल्या क्रियापदाखाली आणि नकाराखाली पेन्सिलने रेघ मारण्याची सवय लावा. वेळ संपला तर घरी घड्याळ लावून पेपर सोडवा. सगळ्यांना एकच औषध, ‘अजून जास्त अभ्यास’, दिलं की पालथ्या घड्यावर पाणी.

महिन्याने कारणांची मोजणी करा. एका मुलीची अशी वही मी पाहिली होती. गणितातल्या तिच्या निम्म्याहून अधिक चुका एकाच जागी होत्या: कंसाबाहेर उणे चिन्ह असताना कंस सोडवला की आतल्या फक्त पहिल्या पदाचं चिन्ह ती बदलायची. वर्षभर ती स्वतःला ‘गणितात कच्ची’ म्हणत होती. कच्ची होती ती एक पायरी.

स्वतःवर भलती लेबलं लावू नका

‘मी व्हिज्युअल लर्नर आहे, मला वाचून येत नाही’, ‘मी ऐकून शिकतो’ असं बरेच जण सांगतात आणि त्यालाच स्वतःची ओळख समजतात. हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेचा आढावा घेतला. आवडीच्या शैलीनुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं, याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. आवड असू शकते, त्यात वाद नाही. पण नकाशा शिकताना सगळ्यांनाच बघावं लागतं आणि उच्चार शिकताना सगळ्यांनाच ऐकावं लागतं. ‘मी रात्रीचा माणूस आहे’ हेही वहीत तपासून पाहा. रात्री अकरानंतरच्या बैठकींतल्या कागदांवर लाल अक्षरं जास्त निघाली, तर तुम्ही फक्त उशिरा झोपणारे माणूस आहात. झोप कापून केलेला अभ्यास दुहेरी तोट्याचा असतो, कारण दिवसभरात शिकलेलं पक्कं करण्यात झोपेचा वाटा असतो.

टाळाटाळ: कळतं पण वळत नाही त्याचं काय?

वहीतला ‘कशामुळे उठलो’ हा रकाना आता काढा. बहुतेकांच्या बाबतीत दिसेल, की उठण्याआधीच्या मिनिटाला काहीतरी अडलेलं होतं. टाळाटाळ आळसातून येते त्याहून जास्त त्या अडलेल्या क्षणाच्या अस्वस्थतेतून येते. फोन ती अस्वस्थता दोन सेकंदांत घालवतो, म्हणून हात तिकडे जातो.

‘उद्यापासून मन लावून करीन’ हा निश्चय इथे कामाचा नाही. पीटर गॉलविट्झर यांनी १९९०च्या दशकात मांडलेली ‘जर-तर’ची युक्ती कामाची आहे, कारण ती नेमक्या क्षणाशी बांधलेली असते. ‘जर गणित अडलं, तर मी नेमकं काय अडलंय ते एका वाक्यात लिहीन आणि पुढचं घेईन.’ ‘जर रात्रीचं जेवण झालं, तर मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून टेबलाशी बसेन आणि काल वाचलेला तुकडा कोऱ्या कागदावर लिहीन.’ एका वेळी अशी दोनच वाक्यं. पाच केलीत तर एकही टिकणार नाही.

किती दिवसांत अंगवळणी पडेल? ‘२१ दिवसांत सवय’ ही गोष्ट विसरा. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी कृती आपोआप होऊ लागायला १८ ते २५४ दिवस लागतील असं दिसलं, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. तेव्हा बुधवार बुडाला म्हणून आठवडा सोडून देऊ नका.

घरच्यांसाठी एक ओळ: ‘किती तास अभ्यास केलास?’ हे विचारणं थांबवा. तासांचं उत्तर तासांतच मिळतं. ‘आज न बघता काय सांगता येतंय?’ हे विचारा, आणि दोन मिनिटं खरोखर ऐका.

दर रविवारी वीस मिनिटं

वही उघडा. या आठवड्यातले अंदाज आणि निकाल शेजारी शेजारी बघा, फरक वाढतोय की घटतोय? कोणत्या विषयात सर्वाधिक फाजील विश्वास आहे, आणि कोणत्या विषयाला उगाच घाबरतोय? (हा दुसरा प्रश्न विसरला जातो. अंदाज ९ आणि निकाल १५ असा विषयही असतो, आणि त्यावर आपण गरजेपेक्षा जास्त वेळ घालवत असतो.) चुकांच्या कारणांत कोणतं कारण वर आलं? त्यावरून पुढच्या आठवड्यासाठी फक्त एक बदल लिहा. दोन नकोत, म्हणजे फरक पडला तर तो कशामुळे पडला ते कळेल.

आणि खरी परीक्षा झाली की मित्रांशी उत्तरं पडताळण्याआधी, त्याच दिवशी घरी येऊन वहीत प्रत्येक प्रश्नापुढे अपेक्षित गुण लिहून ठेवा. निकाल लागेल तेव्हा ते पान उघडायचं, शेजारी मिळालेले गुण लिहायचे आणि जिथे सर्वाधिक तफावत आहे तो प्रश्न त्याच संध्याकाळी कोऱ्या कागदावर घ्यायचा.